न सापडलेलं हरीण



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर पुतण्याचा फोन आला. तो अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असतो. तिथे परवाना काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करता येते. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर असा छंद राहिला नाही.

"काका, बाण लागला, पण हरीण सापडलंच नाही. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला. तेव्हापासून प्रार्थनेला बसवत नाही. काहीतरी वाचायला सांगा."

मी बेळगावात धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. धनुष्य कधी हातात धरलेलं नाही. पण लहानपणी बेचकीने एक होला पाडला होता. उचलला तेव्हा तो गरम होता, हे अजून आठवतं. म्हणून उपदेश केला नाही, तीन पुस्तकं सांगितली.

पहिलं, डॉ. सॅक्स्टन पोप यांचं धनुष्यबाणाच्या शिकारीवरचं, १९२३चं. ही विद्या त्यांना याही जमातीच्या इशीने शिकवली. इशीच्या माणसांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिकारीसारखं टिपलं होतं. तरीही त्याने हातचं राखलं नाही.

दुसरं, आल्डो लिओपोल्ड यांचं 'अ सँड काउंटी अल्मनॅक', १९४९चं. हे विस्कॉन्सिनमध्येच प्राध्यापक होते, स्वतः धनुष्यं बनवत. तरुणपणी मारलेल्या लांडगीच्या डोळ्यांतलं तेज विझताना त्यांनी पाहिलं, आणि ते लपवलं नाही, लिहून ठेवलं.

तिसरं, आपल्या मारुती चितमपल्लींचं 'रानवाटा'. बाण न सोडताही रानात किती मिळतं, ते त्यात कळतं.

मग म्हणालो, "आता शास्त्र उघड. उत्पत्तीच्या २१व्या अध्यायात इश्माएल रानात वाढून तिरंदाज झाला, आणि देव त्याच्याबरोबर होता. तेव्हा धनुष्य धरलंस म्हणून देव तुला सोडून गेलेला नाही. आणि मत्तयाच्या १०व्या अध्यायात प्रभू चिमणीबद्दल काय सांगतो ते वाच. पित्याच्या नकळत तीही पडत नाही. ते हरीण तुला सापडलं नाही, त्याला ठाऊक आहे. त्याच्यापाशी ते कबूल कर."

पलीकडे बराच वेळ शांतता होती.

परवा त्याचा मेसेज आला : 'काका, यंदा फक्त सराव. खात्री नसेल तर बाण सोडणार नाही. काल रात्री प्रार्थनेला बसलो.'

आपल्या हातून जखमी होऊन नजरेआड गेलेलं प्रत्येकाचं काहीतरी असतं. आज ते पित्यापाशी बोलू या. आमेन.