शाळेचा वाटा, घराचा वाटा

शुक्रवारी दुपारी टोकियोतल्या प्राथमिक शाळा सुटतात, तेव्हा प्रत्येक वर्गातल्या काही मुलांच्या हातात एक कापडी पिशवी असते. पिशवीत पांढरा अंगरखा आणि टोपी. त्या मुलांनी आठवडाभर वर्गाला जेवण वाढलेलं असतं. भाताची, सूपची भांडी वर्गात आणायची आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या ताटात सारखं वाढायचं, हे काम इथे मुलंच पाळीपाळीने करतात. तो अंगरखा घरी धुवायचा, इस्त्री करायचा आणि सोमवारी परत पाठवायचा. पुष्कळ शाळांत हे अंगरखे शाळेचेच असतात, त्यामुळे आपण धुतलेला अंगरखा सोमवारी दुसऱ्याच कुणाचं मूल घालतं. इथल्या शाळेची जी रीत मला सगळ्यात आधी मनापासून पटली, ती ही.

आम्ही राहतो ते निशी-कासाई टोकियोच्या एदोगावा वॉर्डात आहे. संगणक क्षेत्रातली पुष्कळ भारतीय कुटुंबं इथे स्थिरावली आहेत. काही जण मुलांना इंग्रजी माध्यमाच्या भारतीय शाळेत घालतात, काही जण वॉर्डाच्या सरकारी शाळेत. आमची मुलगी घराजवळच्या सरकारी शाळेत जाते. त्यामुळे शाळा आणि घर यांच्यात रोज होणारी कामांची देवघेव मी जवळून पाहते आहे.

त्या देवघेवीचं मुख्य साधन म्हणजे दप्तरातली ‘रेनराकुचो’ नावाची वही. उद्या काय आणायचं ते मूल फळ्यावरून उतरवून घेतं, बाई आवश्यक तेव्हा दोन ओळी लिहितात, पालक उत्तर लिहितात. मुलीला बरं नाही, आज लवकर न्यायचं आहे, वर्गात कुणाशी भांडण झालं, हे सगळं तिथे येतं. रोजचा एक अभ्यास मोठ्याने वाचण्याचा. मूल धडा वाचतं, घरातलं कुणीतरी ऐकतं आणि आवाज, स्पष्टता पाहून कार्डावर खूण करतं. उन्हाळ्यात पोहण्याच्या तासाच्या दिवशी सकाळी ताप मोजून कार्डावर आकडा लिहायचा आणि शिक्का मारायचा. तो नसेल तर मुलाला पाण्यात उतरवत नाहीत. शाळेच्या वाटेवर रस्ता ओलांडायच्या जागी पालक पिवळा झेंडा घेऊन आळीपाळीने उभे राहतात.

दुसरीत पाढे येतात. नऊपर्यंतच, पण चढते, उतरते आणि मधूनच विचारले तरी सांगता आले पाहिजेत. प्रत्येक पाढा घरच्यांपुढे म्हणायचा आणि त्यांची सही घ्यायची. आपल्याकडे तिन्हीसांजेला शुभंकरोती झाली की आजोबा तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दीडकी म्हणून घेत. अशा घरांतून आलेल्या माणसाला हे काम समजावून सांगावं लागत नाही. आमच्या मुलीचे जपानी पाढे साताऱ्याची आजी व्हिडिओ कॉलवर ऐकते. आकडे तिला कळत नाहीत, पण लय कुठे अडखळली ते अचूक कळतं.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे. यात पालकाने शिकवायचं काही नाही. शिकवणं शिक्षकांकडे; ऐकणं, धुणं, कळवणं, लक्ष ठेवणं घराकडे. मोठ्या शहरांत खासगी शाळांच्या प्रवेशपरीक्षा आहेत आणि त्यासाठी ‘जुकू’ म्हणजे शिकवणीचे वर्गही आहेत, तो ताण टोकियोतल्या घरांना चुकलेला नाही. पण प्राथमिक शाळेच्या रोजच्या कामापुरती ही वाटणी स्पष्ट आहे. ज्या आईचं शिक्षण सातवीपर्यंत झालं आहे तीही आपला वाटा पूर्ण उचलू शकते. घरी प्रकल्प करून घ्या, गणित समजावून द्या, असं सांगणारी शाळा आपलं काम घरावर टाकते आणि त्याची किंमत कमी शिकलेल्या घरातलं मूल मोजतं.

जपानच्या कायद्यातही ही वाटणी लिहिलेली आहे. शिक्षणाचा मूलभूत कायदा १९४७ सालचा. २००६ मध्ये तो नव्याने लिहिला, तेव्हा मुलाच्या शिक्षणाची पहिली जबाबदारी आईवडिलांची, असं कलम त्यात आलं. शाळा, घर आणि परिसरातले लोक यांनी आपापली भूमिका ओळखून एकमेकांना साथ द्यावी, असंही दुसरं कलम आलं. वाचायला हे रास्त वाटतं. मात्र ‘घर’ म्हणजे नेमकं कोण, हे कायदा सांगत नाही. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ते आई असते.

पालक-शिक्षक संघाकडे पाहिलं की हे लगेच दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकी अंमलाच्या काळात हे संघ जपानमध्ये रुजले. सभासदत्व ऐच्छिक आहे, पण मूल शाळेत गेलं की आई सभासद झाली असं वर्षानुवर्षं धरलं गेलं. प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत एकदा तरी पद घ्यायचं, असा दंडक पुष्कळ शाळांत आहे. बैठका नोकरीच्या वेळेत. निम्म्याहून अधिक आया नोकरी करत असताना ही रीत टिकणार कशी? आता काही शाळांनी सभासदत्व खरोखर ऐच्छिक केलं आहे, काही ठिकाणी संघच बंद झाले आहेत. दुसऱ्या बाजूला शिक्षकांची दमछाक आहे. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानमधल्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचं काम आठवड्याला ५६ तास भरलं. सहभागी देशांची सरासरी ३८ च्या आसपास होती. दोन्ही वाटेकरी थकलेले असतील, तर वाटणी कितीही नीट केली तरी काम कुणाच्या तरी हातून निसटतंच.

आणि ते निसटतं सगळ्यात आधी परदेशी घरात. दप्तरातून येणारी पत्रकं जपानीत, कांजी म्हणजे चिनी चिन्हांनी भरलेली असतात. सहलीला काय द्यायचं, कुठल्या दिवशी जेवण नाही, कुठली फी कधी भरायची, सगळं त्यात. शाळेने आपला वाटा दिलेला असतो, पण घरी तो कुणाला वाचताच येत नाही. परदेशी नागरिकांच्या मुलांना इथे शिक्षण सक्तीचं नाही. अर्ज केला तर सरकारी शाळेत विनाशुल्क प्रवेश मिळतो, पण अर्ज करायला हवा हे आधी कळायला हवं. २०१९ मध्ये शिक्षण मंत्रालयाने पहिल्यांदा देशभर पाहणी केली, तेव्हा सुमारे २०,००० परदेशी मुलं शाळेत जात नसावीत किंवा ती शिकतात की नाही हेच ठाऊक नाही, असं समोर आलं.

यावर उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. १९९५ च्या हानशिन भूकंपात परदेशी रहिवाशांपर्यंत सूचना पोचल्या नाहीत, म्हणून सोप्या जपानीत लिहिण्याची पद्धत पुढे आली. छोटी वाक्यं, सोपे शब्द, कांजीवर उच्चार. शाळेचं प्रत्येक पत्रक असं लिहिता येईल. अंबरनाथमध्ये वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. या गोष्टीचा आम्हा मराठी पालकांना आनंद आहेच. त्याहून मोलाचं हे की दप्तरातल्या पत्रकापुढे गोंधळलेला पालक कसा दिसतो, हे जाणणारा माणूस शाळेच्या बाजूला जाऊन बसला.

आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि निम्म्या महिला हव्यात. एवढा अधिकार जपानी पालकाला कायद्याने मिळालेला नाही. आपल्याकडे अधिकार आहे, पण रोजच्या कामाची सवय कमी. इथे सवय आहे, अधिकार थोडा. दोन्ही एकत्र आल्याशिवाय भागीदारी पुरी होत नाही. समितीच्या बैठकीत सही करणाऱ्या आईला आपल्या मुलाचं वाचन रोज दहा मिनिटं ऐकायचं कामही मिळू दे. इथे वाचन ऐकणाऱ्या आईला शाळेच्या निर्णयात मत मिळू दे.

घराचा वाटा काही घरांत राहून जाणारच. रात्रपाळी करणारा बाप, एकटी आई, लिपी न येणारे आम्ही परदेशी, कारणं नेहमीच असतील. शाळेने ती गृहीत धरूनच काम वाटायला हवं. सही राहिली म्हणून मुलाला वर्गात उभं करू नये, ताप मोजला नसेल तर शाळेतच मोजावा, वाचन ऐकायला घरी कुणी नसेल तर वर्गात कुणीतरी ऐकावं. आणि आपला वाटा उचलता येत नसेल, तर पालकाने संकोच न करता ते शाळेला सांगावं. मोठी माणसं आपसात काय ठरवतात, कुणाचं किती चुकलं, हा हिशेब मोठ्यांनी मिटवायचा असतो. त्याची शिक्षा मुलाला होणार नाही, एवढी हमी ज्या वाटणीत आहे, तिलाच मी भागीदारी म्हणेन.