नाकावरचा तारा

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी होस्टेलवर ओळखपरेड चालू होती, तेव्हा मी ठोकून दिलं होतं, "आमच्या घरी मर्सिडीज आहे." सगळे गप्प झाले. मग मी फोनमधला फोटो दाखवला. कडुलिंबाखाली उभा असलेला, सहाही चाकांतली हवा गेलेला, गोल नाकाचा ट्रक. हौद्यात कोंबड्या. पण पुढच्या जाळीवर गोल कड्यातला, तीन पात्यांचा तारा. "अस्सल आहे," मी म्हणालो. पुढची चार वर्षं माझं नाव 'बेंझ' होतं.

ही थाप नव्हती. म्हणजे मला तरी ती थाप वाटत नव्हती. आमच्या घरात लहानपणापासून मी हेच ऐकलं होतं, की 1983 साली आबांनी मर्सिडीज घेतली. आणि इतिहासही बाजूनं होता. टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. त्या गाड्यांच्या नाकावर तारा असायचा. करार पंधरा वर्षांचा होता, 1969ला संपला, आणि मग ताऱ्याच्या जागी टाटांचं 'टी' आलं. आमच्या गाडीवर तारा होता. म्हणजे गाडी 1969च्या आधीची. लॉजिक सरळ होतं.

आबा कोल्हापूरच्या शाहूपुरीतून गुळाचे रवे भरून गुजरातला जायचे. कात्रजचा घाट, मग खंडाळा, मग मुंबईच्या बाहेरून वर. मला त्यातलं फारसं आठवत नाही. गाडी 2002ला उभी राहिली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आठवतं ते एवढंच, की केबिनमध्ये दुमडलेल्या पोत्यावर बसायचं, आणि पायाखालचा पत्रा तापून चपलेतून चटका लागायचा. डिझेल आणि गुळाचा मिळून एक वास यायचा. तो वास मला अजून कुठल्याही परफ्युमच्या दुकानात सापडलेला नाही, आणि सापडूही नये.

गेल्या वर्षी पप्पांचा फोन आला. वाटणीत परड्याचा तुकडा तात्यांकडे गेला होता, तिथं त्यांना बांधकाम करायचं होतं. भंगारवाला येऊन गेला होता. किलोला अठ्ठावीस रुपये, टायर सोडून. साधारण चार टन धरले तर एक लाख बारा हजारांच्या आत-बाहेर. "तुला फोटोबिटो काढायचा असंल तर येऊन जा," पप्पा म्हणाले.

मी शुक्रवारच्या रात्रीच निघालो. माझा प्लॅन साधा होता. गाडी 1969च्या आधीची आहे हे कागदावर सिद्ध करायचं, मग तिला व्हिंटेज म्हणून रजिस्टर करायचं. जुलै 2021मध्ये केंद्र सरकारनं त्याचे नियम काढलेत. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात असलेली गाडी, वीस हजार रुपये फी, नंबर प्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. व्हिंटेज मर्सिडीज म्हटल्यावर तात्या कशाला भंगारात घालतील?

आधी ॲपवर नंबर टाकून पाहिला. आमचा नंबर एमएचच्या आधीच्या जमान्यातला, तीन अक्षरं आणि चार आकडे. रेकॉर्ड सापडलं नाही. मग आज्जीच्या ट्रंकेतून आरसी बुक निघालं. कडेनं वाळवीनं खाल्लेलं, कापडी पाठीचं. मालकांच्या यादीत पहिलं नाव गुळाच्या एका अडत्याचं, दुसरं आबांचं. मध्ये फायनान्स कंपनीचे दोन शिक्के. आणि वरती, निर्मितीचं वर्ष: 1974.

मी ते तीनदा वाचलं. क्लार्कनं चूक केली असेल. सातचा सहा, चाराचा आणखी काही. मी रोज ज्या डेटाबेसवर काम करतो त्यात जन्मतारखेच्या रकान्यात लोकांनी काय काय भरून ठेवलेलं असतं ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना घेऊन आलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, आबांच्या गाडीचं इंजिन दोनदा उतरवलेला. त्यांनी तारेचा ब्रश काढला आणि उजव्या बाजूच्या चेसिसवर, पुढच्या चाकाच्या मागं, घासायला बसले. अर्ध्या तासानं गंजाखालून आकडे वर आले. मग त्यांनी खिशातून कागद काढला, त्यावर पेन्सिल आडवी धरून घासली. आरटीओत देतात तसा ठसा. आरसीवरच्या नंबराशी अंक न् अंक जुळला.

"क्लार्क बरोबर हाय," मिस्त्री म्हणाले. "आता इंजिन बघ."

इंजिनवर 692. मी विचारलं, म्हणजे काय? "सहा-ब्याण्णव. सहा सिलिंडर, ब्याण्णवचा बोअर. टाटाचं हाय हे." मी फोनवर हिशेब केला. मर्सिडीजच्या जुन्या ओएम 312 इंजिनाचा बोअर 90 मिलिमीटर, स्ट्रोक 120, सहा सिलिंडर. गुणाकार केला की 4.58 लिटर. स्ट्रोक तोच ठेवून बोअर दोन मिलिमीटरनं वाढवला की साधारण 4.79 लिटर, म्हणजे 692. आमच्या भाषेत याला फोर्क म्हणतात. दुसऱ्याचा कोड घ्यायचा, आपल्या नावानं पुढं चालवायचा. एरवी हे कळल्यावर मी खूश झालो असतो. त्या क्षणी मला फक्त होस्टेलवरचे चेहरे दिसत होते.

"मग तारा?"

मिस्त्रींनी मला जाळीपाशी नेलं आणि ताऱ्याच्या मागं बोट घालायला सांगितलं. रंगाच्या चार-पाच थरांखाली दोन भोकं लांबीनं बुजवलेली लागली. तारा त्या भोकांवर नव्हता. तो वेगळ्या दोन भोकांत बसवला होता, आणि ती हातानं पाडलेली होती. एक थोडं तिरकं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच बसवलाय," ते म्हणाले. "पण ते तुझ्या आज्जीला इचार."

आज्जी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. आबा 1966पासून त्या अडत्याच्या गाडीवर ड्रायव्हर होते, हे मला ठाऊक नव्हतं. घरात कधीच कुणी बोललं नव्हतं. आमच्या गोष्टीची सुरुवात 1983पासूनच व्हायची. ती पहिली गाडी खरी मर्सिडीज होती. सतरा वर्षं त्यांनी ती चालवली. तिच्यातच झोपले, तिच्याखालीच जेवले, खंबाटकीच्या घाटात ब्रेक गेला तेव्हा तिला डोंगराला घासत थांबवली. मालकानं ती भंगारात काढली आणि आपली दुसरी गाडी, ही टाटा, विकायला काढली. आज्जीच्या पाटल्या गेल्या, वर फायनान्स घेतलं.

"भंगारवाला जुनी गाडी तोडाय लागला, तवा ह्यांनी त्यो तारा काढून आणला," आज्जी म्हणाली. "तीन दिस उशाला घिऊन झोपले. मी म्हटलं, देवाऱ्यात तरी ठेवा. तर म्हणाले, देवाऱ्यात नगं, नाकावर लावू."

तिनं एक खडा बाजूला काढला. "लोक मर्सिडीज म्हणाय लागले. ह्यांनी कुणाला न्हाई म्हटलं न्हाई."

मग मी निदान वयाचा मुद्दा वाचवायचा ठरवला. 1974 तर 1974, पन्नास वर्षं झालीच होती. रविवारी दिवसभर नियम वाचले. तेव्हा कळलं, की व्हिंटेजची व्याख्या दुचाकींना आणि एम-वन वर्गातल्या गाड्यांना लागू आहे. एम-वन म्हणजे ड्रायव्हर सोडून आठपर्यंत सीटं असलेली प्रवासी गाडी. माल वाहणाऱ्या गाड्यांचा वर्ग 'एन'. तो व्याख्येत नाही. संस्थानिकाची मोटार पन्नास वर्षांनी वारसा होते; ज्या गाडीनं गूळ वाहिला ती पन्नास वर्षांनी फक्त वजन होते. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. ट्रक कुणी जपून ठेवेल, असं नियम लिहिताना कुणाच्या मनात आलं नसावं, इतकंच. पण राग यायचा तो आला.

सोमवारची सुट्टी टाकून आरटीओच्या बाहेर बसणाऱ्या एजंटला भेटलो. तो सभ्य माणूस होता. त्यानं सांगितलं, आधी वारसाची नोंद, त्यासाठी फॉर्म 31. मग थकलेला कर. मग फिटनेस. "आणि एवढं करून चालवणार कुठं?" त्यापेक्षा आरसी कॅन्सल करा, तो म्हणाला. चेसिस नंबरचा तुकडा गॅसकटरनं कापायचा, आरसी बुकासोबत जमा करायचा. मोकळे झालात.

पेन्सिलीचा ठसा माझ्या पाकिटातच होता. मी फॉर्म 31 घेतला.

संध्याकाळी तात्यांशी बोललो. भंगारवाला देणार होता तेवढेच पैसे मी देईन, म्हणालो. तात्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "पुण्यात फ्लॅटचा हप्ता चालू हाय न्हवं तुझा?" हो म्हणालो. "आणि मर्सिडीज बी न्हाई म्हणं ही." नाही, म्हणालो. त्यांनी वीस हजार सोडले. मला वाटलं होतं ते एक रुपयाही घेणार नाहीत, पण ते बांधकाम काढून बसलेले; त्यांचंही बरोबरच होतं. बायकोला मी दोन दिवसांनी सांगितलं, आणि ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

हायड्रा क्रेननं गाडी मामाच्या मळ्यात नेली, पत्र्याच्या शेडखाली. कडुलिंबाखालून उचलली तेव्हा मागच्या चाकांच्या जागी चार खड्डे राहिले आणि हौद्यातल्या कोंबड्या परडंभर धावल्या. तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो. मिस्त्रींनी इंजेक्टर काढून सहाही सिलिंडरांत ऑइल आणि डिझेल ओतून ठेवलं, तीन आठवडे तसंच. इंजेक्शन पंप काढून दुरुस्तीला दिला. कमानीचे पाटे शाबूत आहेत. केबिनचा खालचा पत्रा हातानं फाटतो.

गेल्या खेपेला फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून आम्ही दोघांनी जोर लावला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा आतून कुठून तरी एक जाड, ओला आवाज आला आणि पहार चार बोटं खाली गेली.

"सुटलं," मिस्त्री म्हणाले आणि खाली बसून विडी पेटवली. थोड्या वेळानं त्यांनी जाळीकडं बघितलं. "रंग काढायचा तर तारा उतरवाय लागंल. परत लावायचा का तिथं 'टी' शोधायचा? भंगार बाजारात मिळतोय अजून."

मी म्हटलं, त्याच भोकांत लावू.

"एक भोक तिरकं हाय," ते म्हणाले. "तवा बी मला आवडलं नव्हतं. नीट करू का?"

"नको," मी म्हणालो, आणि पहार परत दात्यात अडकवली.