खाटेबाहेरचे दिवस

पनवेलजवळच्या नेरे गावाचे नाव शांतिवनामुळे दूरवर पोहोचले. कुष्ठरोग निवारण समितीने तेथे रुग्णांना औषधाबरोबर राहण्याची जागाही दिली. कारण औषध मिळाले तरी अनेकांना घराची दारे बंदच असत. आजारपणात निवारा हाही उपचाराचाच भाग असतो, हे या गावाने फार पूर्वी पाहिले आहे. तरीही तेथेच तीन पिढ्या किराणा-भुसाराचा व्यापार करणाऱ्या एका जैन कुटुंबाला ते नव्याने शिकावे लागले.

घरातील आईंच्या पोटात दुर्मीळ प्रकारची गाठ निघाली. मुंबईत दोन तज्ज्ञांची मते घेतल्यावर शस्त्रक्रिया लंडनच्या रॉयल मार्सडेन इस्पितळात करण्याचे ठरले. १८५१ मध्ये स्थापन झालेले हे इस्पितळ केवळ कर्करोगासाठी उभारलेले जगातील पहिले मानले जाते. तेथून आलेल्या अंदाजपत्रकात इस्पितळातील वास्तव्य दहा दिवसांचे होते. थोरल्या मुलाने तेवढ्यावरच परतीची तिकिटे पाहावयास घेतली. राहण्याची चिंता कोणालाच नव्हती. मामांचे घर हॅरोला होते आणि त्यांनी बहिणीसाठी वरची खोली रंगवावयासही काढली होती.

तपासणीचे कागद आणण्यासाठी मुलगा परळला गेला असता त्याची गाठ परभणीकडच्या एका शेतकऱ्याशी पडली. पत्नीच्या उपचारासाठी आलेला तो गृहस्थ दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरला होता. तो सहज म्हणाला, "शेठ, खाट दहा दिवसांची असते, वाट पाहणं दोन महिन्यांचं. म्हणून मी आधी जागा पाहिली, मग तारीख घेतली."

त्या रात्री मुलाने नवी वही काढली. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्या, घरी सोडल्यावरचे ड्रेसिंग, गाठीचा अहवाल, पहिली फेरतपासणी आणि शेवटी विमानप्रवासाची परवानगी, असे एकेक दिवस त्याने मांडले. इस्पितळाला विचारले तेव्हा उत्तर आले, सहा ते आठ आठवडे धरावेत. ब्रिटिश व्हिसासाठीच्या डॉक्टरांच्या पत्रातही संभाव्य कालावधी आणि खर्च लागतोच. तो आता खरा लिहिला गेला.

मग हॅरोचा विचार नव्याने झाला. हॅरो लंडनच्या वायव्येस आणि इस्पितळ चेल्सीत, म्हणजे टाके घातलेल्या रुग्णाला प्रत्येक खेपेस सारे शहर ओलांडणे आले. आईंचा चौविहार होता. डिसेंबरात लंडनचा सूर्य चार वाजण्यापूर्वीच मावळतो आणि मामा-मामी दोघेही कामावरून सहानंतर परतत. जेवण आणि उकळलेले पाणी वेळेवर कोण देणार?

भावाला नकार कसा द्यावा, हे मुलाला सुचेना. अखेर आईंनीच फोन लावला. "दादा, घर तुझंच आहे, पण दुखणं माझं आहे. रात्री काही झालं, तर मला इस्पितळ जवळ हवं." मामा गप्प झाले. पुढचे दोन दिवस त्यांचा फोन आला नाही.

इस्पितळापासून दहा मिनिटांच्या अंतरावर स्वयंपाकघर आणि लिफ्ट असलेली जागा मिळाली. भाडे आठवड्याचे ठरवले आणि तारीख पुढे ढकलण्याची अट लिहून घेतली. पैशांचीही नीट आखणी झाली. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका व्यक्तीस आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते; उपचारासाठी अधिक लागल्यास इस्पितळाचे अंदाजपत्रक दाखवावे लागते. १० लाख रुपयांवरील रकमेवर बँक टीसीएस वसूल करते, तो विवरणपत्रात वजा मिळतो. इस्पितळाचे बिल थेट बँकेतून भरले आणि निवासाची रक्कम वेगळी ठेवली.

कुटुंब लंडनला पोहोचले, तेव्हा त्या जागेच्या दारात मामा उभे होते. हातात पितळी पातेले, मूगडाळ आणि गाळण्याचे कापड होते. मामींनी सहा आठवड्यांची रजा काढली होती.

मुक्काम चोपन्न दिवसांचा झाला. त्यातले खाटेवरचे अकराच. परतीच्या आधीच्या तीन रात्री आई हॅरोला राहिल्या, त्या रंगवलेल्या खोलीत.