नायगाव ते चैत्यभूमी : चाल कुणाची, गाणे कुणाचे?

सहा डिसेंबरला दादरला येणारे बहुतेक बांधव स्टेशनवर उतरून सरळ शिवाजी पार्कची वाट धरतात. आम्ही काही कार्यकर्ते मात्र नायगावच्या बी.डी.डी. चाळींपासून पायी निघतो. डॉ. आंबेडकर रोडने खोदादाद सर्कल, तिथून हिंदू कॉलनीत राजगृहाला अभिवादन, मग टिळक पुलावरून पश्चिमेला आणि शिवाजी पार्कच्या कडेने चैत्यभूमी. रांगेत जाणारा वेळ सोडला, तर लहान मुले बरोबर असूनही ही वाट दीड तासात उरकते.

या वाटेवर पावलोपावली गाणी कानावर पडतात. कुठे मंडपात भीमगीत, कुठे टेम्पोवर कव्वाली, कुठे फुटपाथवर बसलेल्या बायकांचा सूर. गेल्या सहा डिसेंबरला माझी बारावीत शिकणारी भाची बरोबर होती. नायगावातच एका मंडपातले गाणे ऐकून ती थबकली आणि म्हणाली, "मामा, ही तर जुन्या सिनेमातली चाल आहे. आपल्या लोकांनी चोरली का?"

आमच्यातल्या दोघा-तिघांना हा प्रश्न झोंबला. पण तो टाळण्यासारखा नाही. कारण हाच प्रश्न बाहेरचा माणूस विचारतो तेव्हा त्यात कुचेष्टा असते, आणि आपली शिकलेली मुले ती कुचेष्टा ऐकून भीमगीत ऐकायलाच लाजू लागतात. म्हणून ठरवले, वाट चालता चालता या प्रश्नाचा हिशेब मांडायचा.

एका मैदानात सगळे सूर

बी.डी.डी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. १९२० नंतरच्या दशकात या खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. गिरणीतला, गोदीतला, म्युनिसिपालिटीतला कामगार इथे राहिला. कोणी कोकणातून आलेला, कोणी देशावरून, कोणी मराठवाड्यातून. एका खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे. घरात जागा नव्हती, म्हणून माणसे व्हरांड्यात आणि मैदानात आली आणि तिथे गाणे आले.

एका टोकाला भजनी मंडळाचे टाळ वाजत, दुसऱ्या टोकाला कव्वालीच्या टाळ्या पडत. लालबागच्या हनुमान थिएटरात तमाशाचे फड लागत, तिथली लावणी दुसऱ्या दिवशी गिरणीच्या साच्यावर गुणगुणली जाई. अशा वस्तीत वाढलेल्या मुलाच्या कानाला सगळीच गाणी आपली वाटली तर नवल काय?

लोकशाहीर विठ्ठल उमप याच नायगावात १९३१ साली जन्मले. पोवाडा, भारूड, गोंधळ, कोळीगीत, लावणी, गझल आणि भीमगीत असा सगळा पसारा त्यांच्या एका गळ्यात मावत होता. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच त्यांनी शेवटचा श्वास घेतला. त्यांचे गाणे ज्यांनी समोर बसून ऐकले, त्यांना हे प्रकार एकमेकांना किती जवळ आहेत ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भाचीला म्हटले, बोटांवर मोज. एक ते आठ म्हण आणि एकवर टाळी दे. हाच आठ मात्रांचा केरवा. तबलजी त्याला 'धागेनाती नाकधिना' म्हणतात. भजनाचा ठेका आठ मात्रांचा. कव्वालीचा ठेका आठ मात्रांचा. भीमगीतांतली निम्म्याहून जास्त गाणी याच आठ मात्रांत बसतात. भजनात टाळ वजन देतो, कव्वालीत हाताची टाळी देते, लावणीत ढोलकीची थाप देते. मोजणी एकच असल्यामुळे एका प्रकारची चाल दुसऱ्या प्रकारात फारशी ओढाताण न करता जाऊन बसते. कोळीगीत मात्र बहुधा सहा मात्रांच्या झोक्यावर चालते, म्हणून ते कानाला लगेच वेगळे लागते. हे ज्याला त्याला घरी बसून करून पाहता येईल. त्यासाठी गायनाच्या क्लासला जावे लागत नाही.

दुसरा धागा सवाल-जवाबाचा. तमाशात कलगी आणि तुरा असे दोन पक्ष. एक शक्तीला मोठे म्हणणारा, दुसरा शिवाला, आणि रात्रभर कोडी घालून एकमेकांना निरुत्तर करायचे. कव्वालीचा मुकाबला त्याच जातीचा. आपल्या वस्त्यांत तो 'दुरंगी सामना' म्हणून रंगला. पण इथे कोडे देवादिकांचे राहिले नाही. महाडचा सत्याग्रह कोणत्या साली झाला, काळारामाच्या दारात काय घडले, घटनेत काय लिहिले, असे प्रश्न गाण्यातून आले. ज्या आयाबायांना अक्षर वाचता येत नव्हते, त्या हे ऐकून १९२७ आणि १९३० ही साले तोंडपाठ म्हणू लागल्या. सामना हीच त्यांची शाळा होती. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद झाला आणि रात्रभराचे सामनेही आटोपले. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांच्या दृष्टीने नियम योग्यच आहे. पण सामना दिवसा भरवावा, हे फारसे कुणाला सुचले नाही.

सिनेमाने तरी चाल कुठून आणली?

नायगाव सोडून दादरकडे निघाले की डाव्या हाताला आत दादासाहेब फाळके मार्ग आहे. याच रस्त्यावर रणजित मूव्हिटोनचा स्टुडिओ होता. म्हणजे हिंदी सिनेमा काही परक्या मुलखातून आला नाही. तो आपल्या चाळींच्या शेजारीच तयार होत होता.

त्या सिनेमाच्या चाली कुठून आल्या ते पाहा. १९५१ च्या 'अलबेला'ला संगीत होते सी. रामचंद्रांचे, म्हणजे आपल्या मराठी रामचंद्र चितळकरांचे. मराठी मातीचे वळण त्यांच्या चालींत होते आणि साथीला चिक चॉकलेट यांच्यासारखे गोव्याचे ट्रम्पेटवादक होते. पडद्यावर नाचणारे भगवानदादा गिरणी कामगाराचे चिरंजीव. १९५८ च्या 'अल हिलाल' सिनेमात इस्माईल आझाद या कव्वालाची कव्वाली आली आणि देशभर गाजली. दर्ग्यात आणि मेळ्यात गायली जाणारी कव्वाली सिनेमाने उचलली आणि लगेच ती गल्लीत परत आली. १९५९ च्या 'सांगत्ये ऐका'मध्ये वसंत पवारांनी फडावरची लावणी रेकॉर्डवर आणली.

मग भाचीला विचारले, सिनेमाने तमाशाची चाल घेतली, दर्ग्याची घेतली, बँडची घेतली. ती चोरी नाही, आणि वामनदादांनी सिनेमाची घेतली की चोरी, हा कुठला न्याय? सिनेमाने ज्यांच्याकडून चाली उचलल्या त्या फडांत नाचणारी, ढोलकी बडवणारी माणसे महार, मांग, कोल्हाटी समाजाची होती. त्यांच्या नावावर त्या चालींबद्दल किती पैसे जमा झाले?

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १९२२ चा. मुंबईत अंगमेहनतीची कामे करीत करीत ते मोठेपणी अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी गीतलेखनाची सुरुवातच एका हिंदी गीताच्या चालीवर शब्द बसवून केली. पुढे २००४ साली जाईपर्यंत हजारो गाणी लिहिली. पेटी-तबला विकत घेण्याची ज्याची ऐपत नाही, त्याने लोकांच्या ओठावर आधीच असलेली चाल घेतली आणि त्यावर बाबासाहेबांचा विचार चढवला. त्यामुळे गाणे शिकवावे लागले नाही. सभेत एकदा ऐकले की घरी जाईपर्यंत पाठ!

राजगृहापाशी निघालेला वाद

राजगृहासमोर उभे असताना आमच्यात नेहमीचा वाद निघाला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "दादा, सिनेमाचं ठीक आहे. पण विठ्ठलाच्या भजनाच्या चालीवर बुद्धगीत कशाला? बावीस प्रतिज्ञा घेतल्या ना आपण?"

प्रश्न प्रामाणिक आहे, त्याला हसून चालणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात घेतलेल्या प्रतिज्ञांनी देवदेवतांची पूजा सोडायला सांगितली. ती सोडलीच पाहिजे. पण सूर म्हणजे पूजा नव्हे. बाबासाहेबांच्या हयातीत निघालेल्या आंबेडकरी जलशांनी हा प्रश्न तेव्हाच सोडवून ठेवला आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी जलसे उभे केले. त्याआधी सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा घेऊन जलसा बांधला होता. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम तमाशाचा. जलशाने गणातला गणपती काढला आणि तिथे महापुरुषांचे वंदन आणले. गौळणीतला चावटपणा काढला. वगात राजा-राणीऐवजी सावकार, पाटील, मेलेल्या ढोरांचे मांस सोडा म्हणणारा तरुण आणि मुलाला शाळेत घाला म्हणणारी आई आली. ढोलकी आणि तुणतुणे तेच राहिले.

स्वतः बाबासाहेबांना संगीताची आवड होती. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. सुराला जात चिकटते असे त्यांना वाटले असते, तर त्यांनी हातात व्हायोलिन धरलेच नसते.

प्रल्हाद शिंदे यांचेच पाहा. ज्यांचा आवाज आषाढीला पंढरीच्या वाटेवर लागतो, तोच आवाज चौदा एप्रिलला आपल्या पंचशील ध्वजाखाली लागतो. काहींनी त्यांना यावरून बोलही लावला. पोटासाठी कलावंताला काय काय गावे लागते, याचा विचार बोल लावणाऱ्यांनी करावा असे मला वाटते. त्यांची भक्तिगीते माझ्या घरात लावत नाहीत. पण त्या गळ्यातली तान आपल्या माणसाची आहे, हे मुलांना मी जरूर सांगतो.

शेवटचे कडवे

शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या रांगा लागतात. त्यात अजूनही भीमगीतांच्या छोट्या पुस्तिका मिळतात. एक पुस्तिका उघडून भाचीला दाखवली. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर 'चाल' असे छापून पुढे मूळ गाण्याचे नाव दिलेले. चोर कधी मालावर मालकाचे नाव लिहितो का? आपल्या कवींनी उसनवारी उघडपणे नोंदवून ठेवली.

मग तिला शेवटचे कडवे वाचायला सांगितले. त्यात कवीने स्वतःचे नाव गुंफलेले होते. हा सर्वांत जुना धागा. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येते. लावणी रचणारा शाहीर अखेरीस आपले नाव घालतो. उर्दू गझलेच्या शेवटच्या शेरात शायराचे नाव येते, त्याला मक्ता म्हणतात. आणि वामनदादांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. संत, शाहीर, शायर आणि भीमगीतकार, चौघांनीही सही करण्याची जागा एकच ठेवली आहे. ज्या समाजाला सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी पिढ्या घालवाव्या लागल्या, त्या समाजाच्या कवीने गाण्यात नाव लावणे ही साधी गोष्ट नाही.

माझे खरे दुःख इथे आहे. मिरवणुकीतल्या डीजेवर आणि मोबाईलवर गाणे अर्धेच वाजते. धृपद आणि एक कडवे झाले की पुढचे गाणे सुरू. कापले जाते ते शेवटचे कडवे, म्हणजे नेमके कवीचे नाव. चाल सगळ्यांना ठाऊक, शब्द थोड्यांना ठाऊक, आणि लिहिणाऱ्याचे नाव कुणालाच नाही, अशी गत झाली आहे.

बायकांचे तर त्याहून वाईट. चैत्यभूमीच्या रांगेत मराठवाड्यातून आलेल्या एक आजी बाबासाहेबांवरची ओवी म्हणत होत्या. जात्याच्या फेऱ्यावर चालणारा तो सूर. त्याला ठेका नसतो, श्वास संपला की ओळ संपते. आपल्या विहारातले पालि पठणही असेच श्वासावर चालते. म्हणूनच जात्यावर गाणाऱ्या बायकांना वंदना म्हणायला जड गेले नसावे.

विचारले, "आजी, ही ओवी कुणी रचली?"

म्हणाल्या, "माझ्या सासूनं. दळताना म्हणायची. तिला कुठं लिवता येत व्हतं बाबा!"

त्या ओवीत रचणारीचे नाव नव्हते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखावर ओव्या गोळा करून, त्या म्हणणाऱ्या बायकांच्या नावांसह नोंदवून ठेवल्या. त्यांत भीमाच्या आणि बुद्धाच्या ओव्याही आहेत. हे काम आपल्या घरातल्या ओव्यांसाठी आपणच करायला हवे. भाचीने तिथेच पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर ओवी, आजीच्या सासूचे नाव आणि गाव लिहून घेतले.

आता बी.डी.डी. चाळी पाडून टॉवर उभे राहात आहेत. वरळीच्या पहिल्या रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चांगले घर मिळते आहे, आनंदच आहे. पण खोली रिकामी करताना माळ्यावरची ट्रंक उघडून पाहा. वडिलांच्या, आजोबांच्या हस्ताक्षरातली गाण्यांची वही, सामन्याचे हँडबिल, जुन्या कॅसेटी असतील. रद्दीवाला त्याचे किलोवर पैसे देईल. ते घेऊ नका.

माता-भगिनींना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती आहे. येत्या जयंतीला गाणे लावाल तेव्हा शेवटच्या कडव्यापर्यंत लावा. सूत्रसंचालकाने कवीचे आणि गायकाचे नाव सांगावे. घरातल्या आजीला जात्यावरची, पाळण्याची एक तरी ओवी म्हणायला लावून मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि तिचे पूर्ण नाव, गाव व साल आधी बोला. कामाला एक संध्याकाळ पुरेल. आजी आहे तोवरच ते होईल.

जयभीम!