तिसरा पंखा

हातकणंगल्यातील आमचे घर दुकानाच्या माडीवर आहे. वर पत्रा, खाली तक्तपोशी. चैत्र लागला की दुपारी माडीवर बसवत नाही. यंदा तिन्ही खोल्यांतील जुने पंखे काढून नवे बीएलडीसी पंखे लावायचे ठरले. हिशेब व्यापाऱ्याच्या घराला पटणाराच होता. जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नवा ३०च्या आसपास. रोजचे १२ तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटे वाचतात. २०२३पासून पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाल्याने निवडही सोपी झाली आहे.

दोन पंखे तासाभरात लागले. वायरमनने तुळईतला हूक आधी स्वतः लोंबकळून पारखला, पिनेची टोके नीट वाकवली आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकला. नव्या पंख्याचा वेग त्याच्या आतूनच बदलतो. मध्ये रेग्युलेटर राहिला तर पंखा बिघडतो. अनेक घरांत हे राहून जाते, म्हणून मुद्दाम लिहिते.

तिसरा पंखा अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या खोलीतला. ते महिनाभर सांगलीला लेकीकडे होते. खोली बंद, झरोका मात्र उघडा. वायरमन शिडीवर चढला आणि थांबला. दांड्यावरच्या वाटीत चिमणीचे घरटे होते, आत चार अंडी.

वाटी उतरवल्याखेरीज पंखा निघत नाही, आणि जुनाच चालू ठेवावा तर ये-जा करणारी चिमणी पात्यात सापडणार. अंडी उबायला बारा-चौदा दिवस, पिले उडायला आणखी पंधरा. इकडे अण्णांचे वय ब्याऐंशी. उकाड्याने त्यांना धाप लागते. घरटे खोक्यात घालून सज्जात ठेवू, असे मुलगा म्हणाला. हलवलेल्या घरट्याकडे चिमणी परततेच असे नाही, हे सासूबाईंनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले, वर पाहिले आणि म्हणाले, “गिऱ्हाईक बसलेलं असताना दुकानाच्या फळ्या कोण लावतं? माझी खाट मधल्या खोलीत टाका.”

बटणावर चिठ्ठी चिकटवून भागत नाही, हात सवयीने जातोच. म्हणून वायरमनला पुन्हा बोलावून बोर्डातली तारच सोडवून घेतली. मधल्या खोलीत मुलांचा अभ्यास आणि अण्णांची दुपारची झोप यांची महिनाभर ओढाताण झाली. धुसफूसही झाली, ते लपवत नाही. चारांपैकी तीन पिले उडाली.

त्यानंतरच नवा पंखा लागला. त्याची वाटी तक्तपोशीला टेकवून, फट न ठेवता घट्ट बसवली आहे. सज्जात लाकडी खोके टांगले आहे. त्यात अजून कोणी आलेले नाही.