जीप उंच करण्याआधी तिचे ओझे मोजा

शेतकरी बंधू-भगिनींनो, बैल घ्यायला बाजारात गेलो म्हणजे आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, चार पावले चालवून बघतो. नुसती शिंगे उंच आहेत म्हणून कोणी बैल घेतला, तर सारा गाव त्याला हसेल. जीपच्या बाबतीत मात्र आपली तरणी पोरे हल्ली असेच करू लागली आहेत. शहरातल्या कोणाची तरी उंच केलेली जीप दिसते आणि पोरगा घरी येऊन म्हणतो, "आपलीही उचलून घेऊ." किती उचलायची, कशासाठी उचलायची आणि उचलल्यावर त्या जीपमध्ये बसणार कोण, हे कोणी विचारत नाही.

आमच्या घरीही हा विषय निघाला. आमची जीप जुनी, पाट्यांची, चारही चाकांना जोर देणारी. १९४९ साली मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, तेव्हापासून ह्या जातीच्या गाड्या आपल्या मुलखात रुळल्या आहेत. डांबरी सडक सोडली की आमच्या वस्तीपर्यंत ३ किलोमीटर गाडीवाट आहे, मध्ये एक ओढा आहे. ह्याच जीपमधून दुधाचे कॅन जातात, खताची पोती येतात, आणि घरात कोणी आजारी पडले तर तालुक्याच्या दवाखान्यात नेणारी गाडीही हीच. धाकटा म्हणाला, "आप्पा, चार इंच उचलून घेऊ या. नवे पाटे, नवे शॉकअप, सगळा संच मिळतो." मी त्याला नाही म्हटले नाही. एवढेच म्हटले, "घेऊ. पण आधी मोजू."

मोजायचे काय, ते समजण्यासाठी पाटे आणि शॉकअप यांची कामे वेगळी करून पाहिली पाहिजेत. पाट्याचे काम ओझे पेलण्याचे. शॉकअपचे काम हेलकावा थांबवण्याचे. मायमाऊलींना हे चटकन कळेल. पाळण्याची दोरी बाळाचे वजन पेलते, पण हललेला पाळणा दोरी थांबवत नाही. तो थांबवायला हात लावावा लागतो. शॉकअप म्हणजे तो हात. त्याच्या नळीत तेल असते. चाक वर-खाली झाले की ते तेल बारीक भोकांतून दाबले जाते, आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरून जातो. शॉकअप ओझे पेलत नाही. म्हणून गाडी मागे बसते म्हणून शॉकअप बदलणे व्यर्थ, आणि गाडी हेलकावते म्हणून पाटे वाढवणेही व्यर्थ.

स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ साली छापून ठेवला आहे. जेवढा जोर, तेवढे वाकणे. दुप्पट ओझे टाका, पाटा दुप्पट दबेल. ह्या नियमावर आपल्याला घरच्या अंगणात, पोती आणि टेप घेऊन, पाट्याची ताकद काढता येते.

आम्ही तसेच केले. जीप सपाट जागी उभी केली. मागच्या ॲक्सलपासून वर चासीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून वहीत लिहिले. मग ५० किलोची ६ पोती नेमकी मागच्या ॲक्सलवर येतील अशी ठेवली आणि पुन्हा मोजले. ३०० किलोला गाडी ६ सेंटिमीटर बसली. म्हणजे मागचे दोन्ही पाटे मिळून दर सेंटिमीटरला ५० किलो. नंतर जीप वजनकाट्यावर नेली. आधी फक्त पुढची चाके, मग फक्त मागची चाके काट्यावर घेतली. ॲक्सल आणि चाकांचे वजन वजा केल्यावर रिकाम्या गाडीचे सुमारे ५०० किलो मागच्या पाट्यांवर येत होते.

आता ह्या आकड्यांचा उपयोग पाहा. ५०० किलोला पाटा १० सेंटिमीटर दबतो. अशी गाडी मिनिटाला सुमारे ९५ हेलकावे घेते. पायी चालताना माणसाच्या शरीराला साधारण ह्याच तालाची सवय असते, म्हणून तो बाधत नाही. पाटे कडक केले आणि तेच वजन फक्त ६ सेंटिमीटर दाबू लागले, तर हेलकावे मिनिटाला १२० च्या वर जातात. मग ती गाडी डुलत नाही, ती आपटते. पोते काही बोलत नाही. माणसाची कंबर बोलते.

आणि पाटा कडक व्हायला फार काही लागत नाही. पाट्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते. ६ मिलिमीटरच्या जागी ७ मिलिमीटरचा पाटा घातला, तर दिसायला एकच मिलिमीटर वाढला. पण पाटा दीडपटीहून जास्त कडक झाला. ८ मिलिमीटरचा घातला तर सव्वादोन पटीच्याही पुढे. दुकानदार म्हणतो, "थोडा जाड देतो, टिकेल." हा 'थोडा' काय करतो ते ध्यानात ठेवा.

आमच्या शेजारच्या वस्तीवरची गोष्ट सांगतो. एकाने कांद्याच्या हंगामासाठी गाडीला दोन जाड पाटे चढवून घेतले. कांदा भरला की गाडी छान चाले. पावसाळ्यात त्याची म्हातारी आई ओसरीवर घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले. रिकाम्या गाडीत गादी टाकून तिला न्यायला निघाले. पण वजन नाही, त्यामुळे पाटे जागचे हलेनात. प्रत्येक दगडाला म्हातारी ओरडे. शेवटी पोराने गाडी बैलाच्या चालीने चालवली, आणि आम्ही दोघे मागे बसून तिला हातांवर धरून राहिलो. ३ किलोमीटरला पाऊण तास लागला. त्या दिवशी त्या जाड पाट्यांची खरी किंमत किती, हे मला समजले.

तुम्ही म्हणाल, मग कांदा न्यायचा कसा? त्यालाही उपाय आहे. मालवाहू गाड्यांना पुष्कळदा कारखान्यातूनच एक मदतीचा पाटा येतो. रिकाम्या गाडीत तो मोकळा राहतो. ओझे पडून मुख्य पाटे ठरावीक दबले की मगच तो टेकतो आणि भार उचलतो. रोज माणसे आणि कधीमधी माल, असा संसार असेल तर तुमच्या मॉडेलसाठी कंपनी असा पाटा देते का, हे आधी विचारा. कधीमधीच्या ओझ्यासाठी रोजची गाडी दगडासारखी करू नका.

आता उंचीचे बघू. धाकट्याचे म्हणणे होते की वाटेतल्या उंचवट्याला गाडी खालून घासते. मी त्याला जीपखाली वाकायला लावले. घासत होता तो मागच्या ॲक्सलचा मधला गोळा. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्याला तोच लागतो. आता बघा, तो गोळा चाकांच्या बरोबर आहे आणि पाटे त्याच्या वर आहेत. पाटे कितीही उंच करा, टप आणि चासी वर जाईल, गोळा जमिनीपासून आहे तेवढ्याच अंतरावर राहील! तो वर उचलला जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरचा व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्म्याने. सरळ ॲक्सलच्या गाडीत पाटे उंच केल्याने चासीचे पोट सुटते, ओढ्याच्या काठावर बंपर टेकत नाही आणि मोठ्या टायरला जागा होते. त्यापलीकडे काही नाही.

ह्या उंचीचा मोबदलाही द्यावा लागतो. समजा, दोन चाकांमधले अंतर १३० सेंटिमीटर आहे आणि गाडीच्या वजनाचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. हिशेबाने ती उभ्या जागी ४५ अंशांच्या उतारावर कलंडेल. मध्य ८ सेंटिमीटर वर गेला तर तीच गाडी ४२ अंशांच्या आतच कलंडेल. हा झाला उभ्या गाडीचा हिशेब. वळणावर वेगात असताना, टपावर कडबा आणि मागे दहा माणसे असताना ती त्याच्या कितीतरी आधी जाते. घाटात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणखीही गोष्टी आहेत. गाडी उचलली की चाकांकडे जाणाऱ्या ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जातात. शाफ्टचा कोन वाढतो आणि जॉइंट लवकर झिजतात. लांब शॅकल लावून उंची काढली तर शॅकल २ इंच वाढवावी तेव्हा गाडी १ इंच वर जाते, शिवाय पुढच्या ॲक्सलचा कल बदलून स्टिअरिंग भरकटू लागते. काही गाड्यांना मागे ओझे ओळखून ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू उचलली की त्याला वाटते गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीतही तो मागचा ब्रेक कमी देतो.

कायद्याचेही ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की कंपनीने ठरवलेल्या मूळ मापांना सोडून गाडीत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तसाच निकाल दिला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला आणि विमावाल्याने ह्या बदलाकडे बोट दाखवले, तर घरादाराला निस्तरावे लागते. झिजलेले पाटे काढून मूळ मापाचे घालणे ही दुरुस्ती आहे. चार इंच उचलणे ही दुरुस्ती नव्हे.

शॉकअप निवडायचे ते पाटे ठरल्यावर. जॅक लावून चाक पूर्ण लोंबू द्या आणि वरच्या खुंटीपासून खालच्या खुंटीपर्यंत अंतर मोजा. मग चाक वरच्या रबरी ठोकळ्याला टेकेल तेव्हाचे अंतर मोजा. पूर्ण उघडलेला शॉकअप पहिल्या अंतरापेक्षा थोडा लांब हवा आणि पूर्ण मिटलेला दुसऱ्यापेक्षा थोडा आखूड हवा. आखूड शॉकअप चाक लोंबताना ताणला जाऊन खुंटी उपटतो, लांब असेल तर खड्ड्यात आतून ठोकून फुटतो. जोरही पाट्याला साजेसा हवा. कडक पाट्याला मऊ शॉकअप दिला तर चाक उसळत राहते आणि ब्रेक धरत नाही. मऊ पाट्याला फार कडक दिला तर एका खड्ड्यातून चाक खाली उतरण्याआधीच दुसरा खड्डा येतो.

जुना शॉकअप गेला की नाही, ह्याच्या सोप्या परीक्षा आहेत. गाडीचा कोपरा दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉकअप गेला. नळीवर तेल पाझरले असेल तरी गेला. खराब वाटेने ५-६ किलोमीटर जाऊन या आणि चारही नळ्यांना जपून हात लावा. काम करणारा शॉकअप गरम असतो. जो गार, तो कामचुकार.

वर सांगितलेला हिशेब पाट्यांच्या गाडीचा. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीला चारही बाजूंना पाटेच होते. २०२० च्या थारला आणि २०२३ च्या जिम्नीला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहेत. स्प्रिंग वेगळी, मोजणी तीच.

आमच्या मोजणीत एक गोष्ट बाहेर आली. पाट्यांची कमान इतक्या वर्षांत उतरली होती. त्याच मापाच्या नव्या पाट्याशेजारी आमचा पाटा ठेवला तर तो ४ सेंटिमीटर खाली होता. धाकट्याला जी उंची विकत आणायची होती, तिच्यातली बरीचशी आमचीच, हरवलेली होती. आम्ही दोन्ही बाजूंचे पाटे जोडीने बदलले, मूळ मापाचे घातले, यू-बोल्ट आणि बुश नवे घेतले, जीप चाकांवर उभी करून मगच बुशचे बोल्ट आवळले. १०० किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा कसले. चार नवे शॉकअप लावले. आणि वाटेतला तो उंचवटा घरच्या चौघांनी कुदळ-फावडे घेऊन एका सकाळी खणून काढला. गोळा आता घासत नाही.

तेव्हा वाचकहो, पाटे घ्यायला जाल तेव्हा खिशात पैशांबरोबर वहीचे एक पान न्या. त्यावर तीन आकडे असू द्या: रिकाम्या गाडीचे पुढचे व मागचे वजन, रोजचे खरे ओझे, आणि ३०० किलोला गाडी किती बसते ते. दुकानदाराने उंची विचारली तर आधी हे पान त्याच्यापुढे ठेवा. आणि खाली एक ओळ स्वतःसाठी लिहा: ह्या गाडीत घरातले सर्वांत नाजूक माणूस कोण बसणार आहे? पाटा त्याच्या बेताने घ्या. पोती काय, कशीही पोचतात.