परत उचललेलं विमान

आम्हा सातारा-सांगलीच्या लोकांना वारा काय असतो हे सांगावं लागत नाही. आषाढात चाळकेवाडीच्या पठारावर उभं राहिलं की वारा माणसाला जागचा हलवतो. त्यामुळे आडव्या वाऱ्यात विमान उतरवणारा पायलट म्हणजे वाऱ्याला चीत करणारा गडी, असंच मला वाटायचं. उतरवलं तर जिंकला, अलगद उतरवलं तर शाबास, आणि टेकता टेकता विमान पुन्हा वर नेलं तर त्यानं कच खाल्ली. आज यातलं एकही मत माझं उरलेलं नाही.

पहिलं मत गेलं ते उतरण्याची रीत समजून घेताना. पावसाळ्यात मुंबईला विमानं बहुधा २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर, पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. वारा नैर्ऋत्येचा असला की तो डावीकडून तिरका लागतो. ३० नॉटचा वारा ३० अंशांनी तिरका असेल, तर विमानाला बाजूला रेटणारा जोर १५ नॉटचा. पायलट नाक वाऱ्याच्या अंगाला वळवतो. विमान तिरकं दिसतं, पण जातं धावपट्टीच्या मधल्या रेघेच्या रोखानंच. सांगलीत भरल्या कृष्णेतून समोरच्या काठाला नेमकं लागायचं तर नावाडी होडीचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तसंच हे. वाऱ्याला त्याचा वाटा द्यायचा आणि आपली वाट राखायची.

खरी कसोटी शेवटच्या काही सेकंदांची. जमीन वीस-तीस फुटांवर आली की रडरचं, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचं, उजवं पेडल दाबून नाक सरळ करायचं. ते वळताना वाऱ्याकडचा डावा पंख उचलू पाहतो. त्याच क्षणी तो दाबून धरायचा. फार झुकवला तर पंखाखालचं इंजिन जमिनीला घासायची भीती. धावपट्टी ओली असेल तर चाकं जरा ठामपणेच टेकवायची, म्हणजे पाण्याचा थर फोडून ती पकड घेतात. मी ज्याला ‘आदळलं’ म्हणायचो, ते पुष्कळदा जाणूनबुजून केलेलं असतं. अलगद उतरण्याबद्दलचं दुसरं मत गेलं ते इथे.

तिसरं मत सगळ्यात चिवट होतं. ते बदललं हॅम्बुर्गच्या घटनेनं. १ मार्च २००८ रोजी एमा वादळात लुफ्थांझाचं एअरबस ए३२० तिथे उतरत होतं. उजवीकडून झोत आला, विमान कललं आणि डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी विमान परत उचललं, फेरी मारली आणि वारा जरा समोरून मिळेल अशा दुसऱ्या धावपट्टीवर उतरवलं. कुणालाही इजा झाली नाही. या घटनेच्या चित्रफितीत लोक कलणारा पंख पाहतात. मला आता त्यानंतरचं वर जाणं मोलाचं वाटतं. परत वर जाण्याचा निर्णय म्हणजे ऐनवेळची माघार नसते. त्याचा सराव सिम्युलेटरवर घोटून घेतलेला असतो, आणि दुसऱ्या विमानतळापर्यंत पुरेल एवढं इंधन निघतानाच भरलेलं असतं.

पावसात कोल्हापूरला विमान न उतरता दुसरीकडे गेलं की आपल्याकडे चुकलेल्या लग्नांचा, बुडालेल्या कामांचा हिशोब निघतो. तो त्रास खरा आहे. पण त्याचं ओझं पायलटच्या खांद्यावर टाकू नये, असं मी आता आग्रहानं सांगतो. ते ओझं घेऊन धावपट्टीकडे आलेला माणूस ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणत पुढे रेटण्याचा धोका असतो. उतरवण्याचं कसब मोठंच आहे. पण पुन्हा वर जायची मोकळीक ज्याला मनापासून आहे, त्याच्याच हाती ते भरवशाचं ठरतं.